पडद्यावरील कुमारवय : एका निबंधपटाच्या निमित्तानें

मराठींत 'निबंध' या शब्दाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या १८७४ सालीं सुरू झालेल्या 'निबंधमाले'नें. या शब्दाच्या पोटांत बांधण्याचा अर्थ आहे. तिकडे फ्रान्समध्यें माँतेन यानें १५८० सालीं आपल्या लेखांना जें नांव दिलें, त्याच्या पोटांत प्रयत्न करून पाहण्याचा, पारखून घेण्याचा अर्थ आहे. चांगल्या निबंधांत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. विखुरलेली सामग्री एका सूत्रांत बांधली जाते, आणि बांधतां बांधतां ती पारखलीहि जाते. लेखणी बाजूस ठेवून हेंच काम चित्रांच्या जुळणीनें करणारी एक शाखा विसाव्या शतकांत उदयास आली. तिला आपण सोयीसाठीं निबंधपट म्हणूं. त्या शाखेंतील एक कृति, चार्ली लाइन या इंग्रज तरुणाचा 'बियाँड क्लूलेस' (२०१४), हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अमेरिकेंतील हायस्कुलांतल्या मुलामुलींवर जे चित्रपट निघतात आणि ज्यांना तिकडे 'टीन मूव्ही' म्हणतात, त्यांच्याविषयींचा हा निबंध आहे. अशा चित्रपटांना येथें कुमारपट असें म्हटलें आहे. विषय वरवर पाहतां पोरकट वाटेल. परंतु माणसाच्या आयुष्यांतील सहा-सात वर्षांना आजचा आकार कोणी दिला, हा प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे, आणि तो प्रश्न पोरकट खासच नाहीं.

प्रथम या कृतीचें स्वरूप सांगितलें पाहिजे. सुमारें दीड तासाच्या या पटांत मुलाखती नाहींत आणि खुर्चींत बसून मतें देणारे तज्ज्ञहि नाहींत. मुख्यतः १९९५ ते २००४ या दशकांत निघालेल्या दोनशेंहून अधिक कुमारपटांचे तुकडे कापून, ते एकापुढें एक जोडून तो सिद्ध केला आहे. त्यावर एका स्त्रीचा संथ, काहींसा गूढ आवाज निवेदन करीत राहतो, आणि त्याला 'समर कँप' या इंग्रज जोडीच्या संगीताची साथ आहे. निर्मितीस लागणारी रक्कम 'किकस्टार्टर' या वर्गणी जमविण्याच्या व्यवस्थेंतून उभी केली होती. ऑस्टिन येथील साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवांत २०१४ च्या मार्च महिन्यांत तो प्रथम दाखविण्यांत आला. विशींतील एका चित्रपटसमीक्षकाची ही पहिली मोठी कृति होय.

दुसऱ्यांनीं टिपलेल्या चित्रांतून स्वतःचें म्हणणें उभें करण्याची ही रीत नवी नाहीं. रशियांत एस्फिर शुब या बाईंनीं १९२७ सालीं जुन्या फितींचे तुकडे जोडून रोमानोव्ह घराण्याच्या पतनावर पट तयार केला होता. हान्स रिख्टर यानें १९४० सालीं अशा विचारप्रधान पटांना निबंधाचें नांव देऊन त्यांची बाजू मांडली. थॉम अँडरसन या अमेरिकन अध्यापकानें २००३ सालीं 'लॉस एंजेलिस प्लेज इट्सेल्फ' हा जवळजवळ तीन तासांचा पट काढला. आपल्या शहराची चित्रपटांनीं कशी खोटी ओळख करून दिली, हें त्यानें त्या चित्रपटांच्याच साक्षीनें दाखविलें. अँडरसनची भूमिका उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाची आहे. लाइनची तशी नाहीं. तो साक्षीदारांस अडवीत नाहीं. त्यांना झोपेंत बोलूं देतो आणि स्वतः उशाशीं बसून ऐकतो.

या ऐकण्याला फळ आलें आहे, हें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. नवी विद्यार्थिनी दुतर्फा कपाटें असलेल्या लांबच लांब कॉरिडॉरमधून चालूं लागते. क्षणांत ती दुसऱ्या चित्रपटांतली, मग तिसऱ्यांतली, मग दहाव्या चित्रपटांतली मुलगी होते, पण चाल तीच राहते आणि वळून पाहणारे चेहरेहि तेच राहतात. पोहण्याचे तलाव, मेजवान्या, वर्षअखेरचें नृत्य, या सर्वांची अशीच गुंफण केलेली आहे. जे प्रसंग सुटे पाहिले असतां क्षुल्लक वाटले असते, ते एकत्र आल्यावर एखाद्या जमातीच्या दीक्षाविधीसारखे दिसूं लागतात. हे दोनशे चित्रपट म्हणजे वस्तुतः एकच चित्रपट आहे, हें शंभर पानांच्या प्रबंधानें जितकें पटलें नसतें तितकें पांच मिनिटांत पटतें. टीकाकारांनीं ज्यांस करमणुकीचा माल म्हणून दूर सारलें होतें त्यांकडे लाइननें एखाद्या लोककथेच्या संग्राहकाच्या आदरानें पाहिलें. 'जीपर्स क्रीपर्स' (२००१) या भयपटांत त्याला मुलाच्या दडपलेल्या वासनेची कथा दिसते. 'जिंजर स्नॅप्स' (२०००) या कॅनेडियन चित्रपटांत ऋतुप्राप्तीच्या सुमारास लांडगी बनत जाणारी मुलगी आहे, आणि तेथें तर हा अर्थ उघडाच आहे.

निवेदिकेची निवड ही या पटांतील सर्वांत मार्मिक गोष्ट होय. तो आवाज फेरुझा बाल्क या नटीचा आहे. 'द क्राफ्ट' (१९९६) या चित्रपटांत चेटूक शिकणाऱ्या चार शाळकरी मुली आहेत. त्यांतली सर्वांत गरीब, सर्वांत संतप्त आणि सर्वांत सामर्थ्यवान नॅन्सी हिची भूमिका बाल्कनें केली होती. कथेच्या अखेरीस नॅन्सीची शक्ति हरण केली जाते आणि तिला वेड्यांच्या इस्पितळांत खाटेला जखडून ठेवलें जातें. बाकीच्यांचें जीवन सुरळीत चालूं राहावें म्हणून जिला शिक्षा झाली, तीच अठरा वर्षांनीं परत येऊन या सर्व कथांचा अर्थ सांगते आहे! ही योजना लक्षांत आली कीं निवेदनांतील साध्या वाक्यांनाहि एक वेगळीच धार येते. कुमारपटाचें सूत्र लाइनच्या मतें थोडक्यांत असें : समूहांत सामील होण्याची ओढ, त्याविरुद्ध बंड, आणि शेवटीं कांहींतरी गमावून मिळविलेला प्रवेश. त्या प्रवेशाची किंमत कोण देतें, हें नॅन्सीच्या आवाजानें न बोलतां सुचविलें आहे.

परंतु येथेंच इतिहासाच्या अभ्यासकाची अडचण सुरू होते. हा पट कालक्रमानें चालत नाहीं. विषयवार प्रकरणांत तो चित्रपटांची सरमिसळ करतो. त्यामुळें १९९६ चा चित्रपट २००४ च्या चित्रपटाशीं असा बोलतो, जणूं मध्यें कांहीं घडलेंच नाहीं. पाहणाऱ्याच्या मनावर नकळत असा ठसा उमटतो कीं, कुमारवय हें असेंच असतें; गट, राणी, बहिष्कृत, बोळवणीचें नृत्य ही जणूं त्या वयाची निसर्गानेंच केलेली रचना आहे. स्वप्नाला सनावळी नसते हें खरें. पण ज्या गोष्टीला सनावळी आहे ती स्वप्नासारखी दाखविली, तर ती गोष्ट निसर्गाची वाटूं लागते.

वास्तविक हें कुमारवय फार जुनें नाहीं. शरीरांतील पालट अर्थात् मनुष्यजातीइतकाच जुना आहे, पण त्या पालटाभोवतीं एक स्वतंत्र समाज उभा राहिला तो अलीकडे. स्टॅन्ले हॉल या मानसशास्त्रज्ञाचा पौगंडावस्थेवरील द्विखंडात्मक ग्रंथ १९०४ सालीं निघाला आणि त्या वयाला शास्त्रीय विषयाची प्रतिष्ठा मिळाली. त्याहून मोठी घटना शाळेची. १९१० च्या सुमारास अमेरिकेंत दर शंभर मुलांपैकीं नऊच्या आसपास मुलें हायस्कूल पुरें करीत. १९४० च्या सुमारास हें प्रमाण पन्नासाच्या घरांत गेलें. शेतावर, गिरणींत किंवा दुकानांत वडील माणसांच्या खांद्याला खांदा लावून काम करणारीं मुलें एका पिढींत तेथून निघालीं, आणि केवळ समवयस्कांनीं भरलेल्या एका इमारतींत दिवसाचे सहा-सात तास राहूं लागलीं. मंदीच्या काळांत नोकऱ्याच नव्हत्या, आणि १९३८ च्या कायद्यानें बालमजुरीवर बंधनें आलीं, त्यामुळें ही चाल पक्की झाली. १९४४ च्या सप्टेंबरांत 'सेव्हन्टीन' हें मासिक मुलींसाठीं निघालें, तेव्हां या नव्या समाजाची बाजारपेठहि तयार झाल्याचें जाहीर झालें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

हा पूर्वेतिहास सांगणारा दुसरा एक निबंधपट 'बियाँड क्लूलेस'च्या आदल्याच वर्षीं निघाला, हा योगायोग लक्षांत घेण्यासारखा आहे. जॉन सॅव्हेज याच्या २००७ सालच्या ग्रंथावर आधारलेला मॅट वुल्फचा 'टीनेज' (२०१३) हा तो पट होय. सॅव्हेजचा ग्रंथ १८७५ ते १९४५ या कालखंडाचा आहे. कारखान्यांतलीं मुलें, महायुद्धांत गेलेले तरुण, जर्मनींतील हिटलरच्या बालसेना, नृत्यवेडे अमेरिकन विद्यार्थी यांच्यांतून आजचा 'टीनएजर' कसा घडला, हें तो दाखवितो आणि १९४५ पाशीं थांबतो. म्हणजे एका पटांत कुमारांचा इतिहास आहे पण कुमारपट नाहींत, आणि दुसऱ्यांत कुमारपट आहेत पण इतिहास नाहीं. मधली पन्नास वर्षें कोणीच भरून काढलेलीं नाहींत. तीं भरून काढण्याचा एक मार्ग मला असा दिसतो : पडद्यावर वडिलांची खुर्ची कोठें ठेवली आहे तें पाहत जावें.

१९३७ सालीं मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें हार्डी कुटुंबाची चित्रमालिका सुरू केली. १९४६ पर्यंत तिच्यांत पंधरा चित्रपट निघाले. मिकी रूनीनें रंगविलेला अँडी हार्डी हा खोडकर मुलगा लवकरच तिचा नायक बनला. पण घराच्या मध्यभागीं न्यायाधीश असलेल्या वडिलांची खुर्ची होती, आणि कथेचा पेंच अखेर त्या खुर्चीसमोर बापलेकांच्या संभाषणांत सुटत असे. पुढें १९४८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानें मोठ्या कंपन्यांना आपलीं थिएटरें सोडावीं लागलीं. घरोघर टेलिव्हिजन आला. १९४६ च्या मानानें दहा वर्षांत प्रेक्षकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. प्रौढ माणसें घरीं बसूं लागलीं. घराबाहेर पडावयास उत्सुक असा एकच वर्ग उरला, तो कुमारांचा. धंद्याला त्यांच्या मागें जाणें भागच होतें. १९५५ सालच्या 'रेबेल विदाउट अ कॉज' मध्यें वडिलांची खुर्ची डळमळली. जेम्स डीनचा नायक सल्ला मागावयास येतो, तेव्हां बाप झालरीचें एप्रन बांधून घरकाम करतांना दिसतो. दोन वर्षांनीं अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या स्वस्त चित्रपट काढणाऱ्या कंपनीच्या 'आय वॉज अ टीनएज वेअरवुल्फ' मध्यें शाळकरी मुलगा लांडगा बनतो, पण तो एका डॉक्टरच्या प्रयोगामुळें. विकृतीचें मूळ अजून वडील पिढींत आहे. त्रेचाळीस वर्षांनंतरच्या 'जिंजर स्नॅप्स'शीं याची तुलना केली म्हणजे फरक ध्यानांत येतो. तेथें चावणारा पशु बाहेरून येतो खरा, पण पालट मुलीच्या स्वतःच्या देहांतून उमलतो. आई प्रेमळ असूनहि तिला त्यांतलें कांहीं समजत नाहीं. दोषाचें ठिकाण मोठ्यांकडून मुलांकडे सरकलें आहे.

जॉन ह्यूजच्या 'द ब्रेकफास्ट क्लब' (१९८५) मध्यें शनिवारीं शिक्षा भोगण्यासाठीं पांच मुलें शाळेंत येतात. बहुतेकांचे आईबाप त्यांना मोटारीनें दारापर्यंत सोडून निघून जातात. गंमत अशी कीं, शिक्षा म्हणून त्यांना निबंधच लिहावयास सांगितला आहे आणि विषय आहे, तुम्ही स्वतःला कोण समजतां? शिक्षक त्यांचा पहारेकरी झाला आहे, आणि न्यायासन मुलांच्या स्वतःच्या वर्तुळांत गेलें आहे. याच सुमारास, १९८४ सालीं, अमेरिकेंतील चित्रपटधंद्यानें तेरा वर्षांची रेषा आंखून एक नवा दाखला निर्माण केला, हेंहि विसरतां कामा नये. पडद्यावर मुलें स्वतंत्र होत होतीं, त्या वेळीं तिकीटखिडकीवर त्यांची वयवार मोजदाद चालली होती.

यानंतर येतो लाइनच्या निबंधपटाला नांव देणारा चित्रपट, एमी हेकरलिंग या बाईंचा 'क्लूलेस' (१९९५). इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांस हा चित्रपट विशेष बोधप्रद वाटेल, कारण तो जेन ऑस्टिनच्या 'एमा' या कादंबरीचें रूपांतर आहे. दुसऱ्यांचीं लग्नें जुळवूं पाहणारी एमा येथें बेव्हर्ली हिल्सच्या हायस्कुलांतली शेर झाली आहे. रूपांतर चतुर आहे यांत संशय नाहीं. परंतु काय गळलें आहे तें पाहावें. ऑस्टिनच्या हायबरी गांवांत सर्व वयांचीं माणसें राहतात. आजारी बाप, परिस्थिति खालावलेली बडबडी मिस बेट्स, तिची म्हातारी आई, शेतकरी, शिक्षिका यांच्यामध्यें एमा वाढते. बॉक्स हिलवर ती मिस बेट्सचा अपमान करते आणि नाइटलीकडून बोलणीं खाते, तो प्रसंग कादंबरीचा कणा आहे. दुबळ्या वडीलधाऱ्या शेजारणीशीं कसें वागावें, हा त्या कादंबरीचा नैतिक प्रश्न आहे. 'क्लूलेस' मध्यें या अपमानाचा वांटा घरच्या मोलकरणीला आला आहे. एल साल्वाडोरहून आलेल्या त्या बाईची भाषा मेक्सिकोची समजून शेर तिला दुखविते, आणि जॉश तिची कानउघाडणी करतो. एक मिनिटांत तो प्रसंग संपतो आणि कथा पुन्हा समवयस्कांच्या अंगणांत येते. गांवाची शाळा झाली, आणि शाळेंत एकच वय उरलें.

त्या दशकांत अशा रूपांतरांची रांगच लागली. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'शीज ऑल दॅट' (१९९९), लाक्लोच्या फ्रेंच कादंबरीवरून 'क्रुएल इंटेन्शन्स' (१९९९), शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'वरून 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू' (१९९९), 'ऑथेल्लो'वरून 'ओ' (२००१) असे चित्रपट निघाले. यांतलीं कांहीं नाटकें मराठी रंगभूमीच्याहि ओळखीचीं आहेत. प्रो. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनीं त्या श्रूची 'त्राटिका' केली आणि शाहूनगरवासी मंडळीनें ती गाजविली. पु. ल. देशपांडे यांनीं १९७५ सालीं 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली. जुन्या नाटकाला नवा वेष देणें हें काम आपल्याला कमीपणाचें वाटत नाहीं. मात्र आपल्या रूपांतरकारांनीं नाटकांतलीं वयें आणि नातीं कायम ठेवलीं. त्राटिका कोणाची तरी मुलगी राहिली, आणि फुलराणीचा दारुडा बाप रंगभूमीवर आला. 'शीज ऑल दॅट' मध्यें भाषाशास्त्रज्ञाच्या जागीं शाळेंतला लोकप्रिय मुलगा आला आणि पैज लागली ती एका मुलीला नृत्याची राणी बनविण्याची. वर्गभेदाचें नाटक वर्गांतल्या बांकांवर आटोपलें.

तेव्हां खुर्चीच्या प्रवासाचा निष्कर्ष असा निघतो कीं, अँडी हार्डीपासून 'क्लूलेस'पर्यंत पडद्यावरून वडील माणसें हळूहळू दूर होत गेलीं. शेरचा वकील बाप प्रेमळ आहे, पण कामांत गढलेला आहे. आई तर कथेआधींच मेलेली आहे. मग कुमारांचें राज्य मुलांच्या हातीं गेलें काय? मुळींच नाहीं. पडद्यावरून जीं माणसें गेलीं तीं पडद्यामागें अधिक संख्येनें येऊन बसलीं. कथा त्यांनीं लिहिल्या, कपडे त्यांनीं विकले, दाखले त्यांनीं दिले. पडद्यावरचीं मुलेंसुद्धां पुष्कळदां मुलें नव्हतीं. 'ग्रीज' (१९७८) मध्यें शाळकरी रिझोचें काम करणारी स्टॉकार्ड चॅनिंग तेहतीस वर्षांची होती, आणि 'क्लूलेस' निघाला तेव्हां शेरच्या मैत्रिणीचें काम करणारी स्टेसी डॅश अठ्ठावीस वर्षांची होती. ज्या मुलीनें त्या पडद्याच्या आरशांत आपलें पंधरा वर्षांचें अंग पाहिलें, तिला समोर एक पूर्ण वाढलेली बाई दिसली आणि आपणच कांहींतरी कमी आहोंत असें वाटलें असल्यास नवल नाहीं. हिशेबहि पाहावा. 'क्लूलेस' सुमारें सव्वा कोटि डॉलरांत तयार झाला आणि एकट्या अमेरिकेंत त्यानें साडेपांच कोटींहून अधिक मिळविले. 'अमेरिकन पाय' (१९९९) ला सुमारें एक कोटि दहा लाख लागले आणि जगभर तेवीस कोटींच्या वर उत्पन्न झालें. अशा व्यापारांत पुढची मागणी आधींच हेरण्यासाठीं मुलांच्या आवडींवर पाळत ठेवणारे लोक नेमले जात. त्यांचें काम 'द मर्चंट्स ऑफ कूल' या अमेरिकन सार्वजनिक टेलिव्हिजनवरील माहितीपटानें २००१ सालींच उघड केलें होतें. 'मीन गर्ल्स' (२००४) सारखा चांगला चित्रपटसुद्धां मुळांत रोझलिंड वाइझमनच्या, पालकांस सल्ला देणाऱ्या पुस्तकावर उभा आहे. म्हणजे मुलींच्या दरबाराचें हें चित्र प्रथम मोठ्यांच्या काळजींतून निघालें, आणि मग मुलींना त्यांचें स्वतःचें म्हणून परत देण्यांत आलें.

ही केवळ विद्वत्तेची तक्रार आहे असें कोणी म्हणेल. तिच्यामागें काय पणाला लागलें आहे तें सांगणारी एक दुःखद घटना लाइनच्या दशकाच्या मधोमध उभी आहे. २० एप्रिल १९९९ रोजीं कोलोराडो राज्यांतील कोलंबाइन हायस्कुलांत दोन विद्यार्थ्यांनीं बंदुका चालवून १२ विद्यार्थी व १ शिक्षक यांना ठार केलें आणि मग आत्महत्या केली. चित्रपटाच्या धंद्यानें ताबडतोब आवराआवर केली. तयार असलेला 'ओ' दोन वर्षें मागें ठेवला गेला, आणि शिक्षिकेच्या हत्येचा उल्लेख असलेलें एका चित्रपटाचें नांव बदलून 'टीचिंग मिसेस टिंगल' असें सौम्य करण्यांत आलें. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. घटनेनंतर वृत्तपत्रांनीं व टेलिव्हिजननें तिचें कारण सांगितलें तें असें : खेळाडूंच्या गटानें हिणविलेल्या, काळे कोट घालणाऱ्या बहिष्कृतांनीं सूड उगविला. हा कुमारपटाचा नकाशा होता. डेव्ह कलन या पत्रकारानें दहा वर्षें शोध घेऊन २००९ सालीं लिहिलेल्या पुस्तकांत ही उपपत्ति कागदपत्रांच्या आधारें नाकारली. तोंवर ती सर्वत्र रुजली होती. खऱ्या शाळेंत खरीं मुलें मेलीं, तेव्हां त्यांचें काय झालें हें समजून घेण्यासाठीं एका देशाजवळ चित्रपटांतून घेतलेले शब्दच तेवढे हाताशीं होते! मनोरंजनाचा नकाशा निसर्गाचा नकाशा मानला म्हणजे काय होतें, याचें याहून कठोर उदाहरण मला ठाऊक नाहीं. दशकाचें स्वप्न सांगणाऱ्या निबंधपटानें त्या सकाळी मोडलेल्या झोपेला आपल्या मांडणींत मध्यवर्ती स्थान द्यावयास हवें होतें.

लाइनच्या बाजूनें एक उत्तर देतां येईल, आणि तें देणें न्याय्य आहे. तो इतिहास लिहावयास बसलेला नव्हता. तो इंग्लंडांत वाढलेला मुलगा. त्या कॉरिडॉरमधून तो कधीं विद्यार्थी म्हणून चालला नव्हता. अमेरिकेचें हायस्कूल त्याला पडद्यावरच भेटलें, आणि ते चित्रपट निघाले तेव्हां तो कुमारवयाच्या उंबरठ्याच्या अलीकडेच होता. अशा प्रेक्षकाला कुमारपट हा आरसा नसतो, तें भविष्य असतें. आपण लवकरच असे होणार, असें तें सांगतें. हें केवळ इंग्रज मुलाचें झालें असें नाहीं. 'एमा'ची दिल्लींत बसविलेली 'आयेशा' ही हिंदी आवृत्ति २०१० सालीं आपल्याकडे आली, तिच्यावरहि ऑस्टिनइतकाच 'क्लूलेस'चा रंग होता. जगभरच्या मुलांना जें भविष्य विकलें गेलें त्याची मोहिनी आंतून कशी जाणवते, हें वस्तुनिष्ठ इतिहास सांगूं शकत नाहीं. शाळेंतील प्रवेशाचे आंकडे मी वर दिले. पण त्या आंकड्यांतून जेवणाच्या सुटींत ताट घेऊन कोणत्या टेबलाशीं बसावें हें न कळलेल्या मुलीच्या पोटांतला गोळा कोणाला दिसणार? तो 'बियाँड क्लूलेस' मध्यें दिसतो, आणि म्हणून ही कृति केवळ चातुर्याची ठरत नाहीं.

तरीहि आंतून दिसणारें सत्य पुरेसें नसतें. 'मीन गर्ल्स'च्या शेवटीं नायिका नृत्यराणीचा मुकुट मोडून त्याचे तुकडे सर्व मुलींना वांटून टाकते. लाइनच्या पटाला शोभणारें असेंच तें दृश्य आहे : समूहाचा न्याय समूहानेंच उदार केला. पण तो मुकुट बनविला कोणी, स्पर्धा नेमली कोणी आणि ती शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आली कशी, हें विचारणारा त्या सभागृहांत कोणी नाहीं. अध्यापनाच्या धंद्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला त्या सभागृहांतील शिक्षकाची रिकामी जागा डोळ्यांत खुपते. ती जागा मुलांनीं हिसकावून घेतलेली नाहीं, मोठ्यांनीं स्वखुषीनें सोडलेली आहे. मागील दारानें आलेल्या विक्रेत्याला ती मोकळी मिळाली.

२००४ नंतर कुमारपट संपला नाहीं, त्याची तऱ्हा बदलली. बो बर्नहॅमच्या 'एट्थ ग्रेड' (२०१८) मध्यें आठवींतल्या मुलीचें काम करणाऱ्या एल्सी फिशर यांचें वय चित्रीकरणाच्या वेळीं चौदाच्या आसपास होतें. चेहऱ्यावरच्या मुरुमांसकट तें वय प्रथमच इतक्या जवळून दिसलें. बापहि घरांत परत आला आहे, आणि तो गोंधळलेला असला तरी शेकोटीजवळ बसून मुलीचें ऐकून घेतो. परंतु अमेरिकेंत या चित्रपटाला जो दाखला मिळाला त्यामुळें सतरा वर्षांखालच्या मुलांना पालकांवांचून तो पाहतां येईना. शेवटीं वितरकांनीं ऑगस्ट महिन्यांत एका रात्रीं ठिकठिकाणीं त्याचे फुकट खेळ लावले आणि त्या रात्रीपुरती ती अट बाजूला ठेवली. ज्यांच्याविषयीं चित्रपट आहे त्यांनाच तो पाहण्यासाठीं मोठ्यांच्या परवानगीची गरज पडावी, यांत ऐंशीं वर्षांच्या या इतिहासाचें सार आलें आहे.

ज्या वाचकांना सवड असेल त्यांनीं 'टीनेज' आणि 'बियाँड क्लूलेस' हे दोन्ही निबंधपट लागोपाठ पाहावेत, आणि शक्य तर घरांतल्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींना बरोबर घेऊन पाहावेत. पहिल्यानें तें वय कसें घडविलें गेलें हें कळेल, दुसऱ्यानें तें कसें सोसलें जातें हें कळेल. मधल्या पन्नास वर्षांविषयीं मग मुलें प्रश्न विचारतील. तेव्हां त्यांचे समवयस्क कांहीं म्हणोत, उत्तर देण्यासाठीं घरांतल्या वडील माणसानें आपल्या खुर्चींत असावें, एवढेंच सुचवावयाचें आहे.